अर्जातील रिकामा रकाना

कामोठे येथील एक तरुण भगिनी तात्पुरत्या सरकारी नोकरीचा अर्ज घेऊन आम्हांकडे आली. धर्म व जात या रकान्यांपुढे ‘ऐच्छिक’ असे छापले होते. तिने पुसले, “पाळकसाहेब, हे कोरे ठेविले तर लबाडी होईल काय? आणि भरले तर काम जाईल काय?”

पहिल्याचे उत्तर सोपे आहे. जे सांगण्याची सक्ती नाही ते न सांगणे असत्य नव्हे. 1950 च्या अनुसूचित जाती आदेशाने ख्रिस्ती मनुष्यास त्या यादीबाहेर ठेविले, म्हणून कोणी दुसराच धर्म लिहिला तर ते मात्र असत्य होय. हा मोह आमच्या मंडळ्यांस अपरिचित नाही.

दुसरा प्रश्न कठीण. राज्यघटनेचे 16 वे कलम सरकारी नोकरीत धर्म, जात वा लिंग यांवरून भेद करण्यास मनाई करिते. तरी पोटासाठी दारी आलेल्यास ‘ऐच्छिक’ हा शब्द हुकुमासारखाच वाटतो. केंद्र सरकारच्या नियमाप्रमाणे 45 दिवस वा अधिक मुदतीच्या तात्पुरत्या नेमणुकीसही आरक्षण लागू आहे. तेथे हक्क मागणाराने जात लिहिणे प्राप्तच. परंतु अर्ज कोण करितो व वगळला कोण जातो, एवढेच मोजावयाचे असेल (आणि ते मोजलेच पाहिजे, नाहीतर अन्याय दिसणार कसा?), तर तो कागद निराळा असावा, त्यावर नाव नसावे, व निवड करणाराच्या दृष्टीस तो पडू नये.

भगिनीने धर्माच्या रकान्यात ‘ख्रिस्ती’ असे लिहिले; जातीचा कोरा ठेविला. उत्तर अद्याप आलेले नाही.