योग आणि क्षेम

‘योगक्षेम’ हा शब्द आपल्या कानांवरून इतक्या वेळा जातो की त्यात दोन वेगळे शब्द नांदत आहेत याचे भान पुष्कळदा राहत नाही. कीर्तनात तो येतो, वडीलधाऱ्यांच्या आशीर्वादात येतो. १९५६ साली स्थापन झालेल्या आयुर्विमा महामंडळाने तर गीतेतील तो चरणच बोधवाक्य म्हणून स्वीकारला. गीतेवरील भाष्यात आचार्यांनी या जोडशब्दाची फोड करून ठेविली आहे. जे आपणापाशी नाही ते प्राप्त होणे म्हणजे योग. जे प्राप्त झाले त्याचे रक्षण होणे म्हणजे क्षेम. एका श्वासात उच्चारल्या जाणाऱ्या या दोन गोष्टी व्यवहारात मात्र एकमेकींपासून फार दूर जाऊन पडतात. ते अंतर किती असू शकते, हे मला एका जुन्या मोटारगाडीने शिकविले.

गाडी जर्मन बनावटीची, लांबरुंद, काळ्या रंगाची. नवी असताना तिची किंमत ५५ लाखांच्या घरात होती. दहा वर्षांनंतर ती मला साडेसात लाखांत मिळाली. तेवढ्या रकमेत एखादी बेताची नवी गाडी सहज आली असती, आणि घरच्या मंडळींचे मतही तसेच होते. परंतु आयुष्यभर दुसऱ्याच्या दारात पाहिलेली वस्तू आपल्या दारात उभी राहू शकते, या विचाराची गोडी हिशेबाच्या वहीत मावत नाही. त्या वर्षी कुलदेवतेच्या जत्रेस आम्ही त्या गाडीने गेलो. देवळाच्या आवाराबाहेर ती उभी करताच चार ओळखीची माणसे भोवती जमली. कोणी दारावरून हात फिरवून पाहिला. गर्भगृहासमोर हात जोडून उभा असताना माझे अर्धे चित्त बाहेरच राहिले होते, हे येथे कबूल केले पाहिजे.

योग असा स्वस्तात घडला. क्षेमाची ओळख पहिल्या पावसाळ्यात झाली. समोरच्या काचेच्या पायथ्याशी पाणी वाहून जाण्यासाठी बारीक वाटा ठेवलेल्या असतात. गाडी अंगणातील आंब्याखाली उभी राही. पानांचा कचरा त्या वाटांत साचला, आणि आषाढाच्या झडीत पाणी आत शिरून पायाखालच्या गालिच्याखाली असलेल्या विजेच्या जोडण्यांपर्यंत पोहोचले. त्यानंतर पाळी आली ती चाकांवरील फुग्यांची. या गाडीला लोखंडी स्प्रिंगांऐवजी हवेने भरलेले रबरी फुगे होते. रबराला वय असते. एक फुगा गळू लागला की हवा भरणारा पंप क्षणभरही विसावा घेत नाही. फुग्याकडे दुर्लक्ष करावे तर थोड्याच दिवसांत पंपही जळतो. दीड वर्षात दुरुस्तीचा आकडा ३ लाख ८० हजारांवर गेला, म्हणजे गाडीच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक.

मी गॅरेजमधील मेस्ताकडे तक्रारीचा सूर लावला. तो शांतपणे म्हणाला, “बाब, गाडी म्हातारी झाली म्हणून तिचे सुटे भाग म्हातारे होत नाहीत. ते रोज नवे जन्मतात आणि नव्याच भावाने येतात.” सगळे अर्थशास्त्र त्या एका वाक्यात होते. बाजारात गाडीची किंमत दरवर्षी उतरते, भूक मात्र पहिल्या दिवशी होती तेवढीच राहते. किंबहुना वयाबरोबर वाढते. साडेसात लाखांची गाडी मी घेतली असे मी समजत होतो. वस्तुतः मी ५५ लाखांच्या गाडीचे क्षेम अंगावर घेतले होते. साडेसात लाख हे केवळ त्या क्षेमाचे प्रवेशशुल्क होते.

यात कारखानदारांच्या भाषेचाही थोडा हात असतो. स्वयंचलित गिअरबॉक्समधील तेल आजन्म टिकते, असे अनेक गाड्यांच्या माहितीपुस्तकांत म्हटलेले असते. परंतु असे गिअरबॉक्स बनविणारी प्रसिद्ध जर्मन कंपनी झेडएफ स्वतःच ते तेल ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरांच्या दरम्यान बदलण्याची शिफारस करते. मग ‘आजन्म’ कोणाचे? विचार करता असे दिसते की, त्या शब्दाचा पल्ला पहिल्या मालकाच्या कारकिर्दीपुरताच असतो. जे पहिल्याने टाळले ते दुसऱ्याच्या वाट्यास येते आणि दुसऱ्याने टाळलेले तिसऱ्याच्या. ऋण असे मुकाट्याने हस्तांतरित होत जाते, आणि विक्रीच्या कागदावर त्याचा उल्लेख कोठेही नसतो.

आता प्रश्न असा की, यात दोष कोणता? उतावळा नीतिवादी म्हणेल, लोभाचे फळ मिळाले. ऐपतीबाहेरची हौस करू नये. हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. हौसेला मोल नसते असे आपल्याकडे म्हणतात ते काही निंदेने नव्हे. देवाची पालखी साध्या लाकडाचीही चालली असती. आपल्या पूर्वजांनी ती चांदीने मढविली. सुंदर आणि कसबाने घडविलेल्या वस्तूची ओढ हे पाप असेल, तर आपली देवळे त्या पापाचीच स्मारके ठरतील. शिवाय एकाने टाकलेली चांगली वस्तू दुसऱ्याने जिवंत ठेवावी, यात काटकसरही आहे आणि एक प्रकारची कृतज्ञताही आहे.

गोव्यात तर याचा मोठा दाखला आहे. १९५० नंतरच्या दशकात भारतात परदेशी गाड्यांच्या आयातीवर कडक निर्बंध होते. पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात मात्र त्या येत होत्या, आणि खनिजाच्या निर्यातीने हाती पैसाही खेळत होता. मर्सिडीजच्या १८० डी जातीच्या गाड्या त्या काळी येथे आल्या. त्यांचे डिझेल इंजिन जेमतेम चाळीस अश्वशक्तीच्या आसपासचे. वेग बेताचा, पण चिवटपणा विलक्षण. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, आणि भारतातील आयातीचे नियम येथेही लागू झाले. सुटे भाग दुर्मीळ झाले. तरीही त्या गाड्या पुढे कित्येक वर्षे टॅक्सी म्हणून धावल्या. मिळेल तो भाग ठाकूनठोकून बसविणे, मिळत नाही तो लेथवर घडविणे, हे त्या पिढीच्या मेस्तांचे कसब होते. त्यांच्यापाशी द्रव्य नव्हते, पण क्षेमाची विद्या होती. चालकालाही आपल्या इंजिनाचा आवाज मुलाच्या खोकल्याइतका ओळखीचा असे.

याच्या उलट दृश्य संस्थानांत दिसले. इंदूरच्या यशवंतराव होळकरांनी १९३० नंतरच्या दशकात डुझेनबर्ग गाडीवर लंडनच्या गर्नी नटिंग यांच्याकडून खास साज चढवून घेतला होता. ती गाडी पुढे अमेरिकन संग्राहकांच्या हाती गेली. १९७१ साली घटनादुरुस्तीने संस्थानिकांचे तनखे बंद झाले, आणि जेथे गाड्यांमागे माणसे राबत होती तेथे अनेक गाड्या धुळीत बसून राहिल्या. ऐश्वर्य होते तोवर योग आणि क्षेम एकाच खजिन्यातून चालले. खजिना आटताच योगाची चिन्हे तेवढी मागे उरली.

या दोन चित्रांकडे पाहिले म्हणजे ध्यानात येते की, वस्तूचा खरा अधिकार तिच्या किमतीवरून ठरत नाही. तिचे क्षेम ज्याला वाहता येते, मग ते धनाने असो की हातांच्या कसबाने, त्याचा तो अधिकार. माझ्यापाशी पुरेसे धन नव्हते आणि कसब तर मुळीच नव्हते. शिवाय आजची गाडी जुन्या मर्सिडीजसारखी हातोडी-पान्याला वश होत नाही. तिचे अनेक भाग बसविल्यावर संगणकाकडून त्यांची ओळख गाडीला करून द्यावी लागते. एरवी गाडी त्यांना आपले म्हणतच नाही.

आपल्या परंपरेने हा विचार फार पूर्वी केला होता. राष्ट्रकूटांच्या, शिलाहारांच्या काळातील दानपत्रे पाहावीत. देवालयास दिलेल्या भूमीचा विनियोग सांगताना पूजा, नैवेद्य, दीप यांच्या जोडीने ‘खंडस्फुटित-जीर्णोद्धार’ हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. खंडित म्हणजे तुटलेले, स्फुटित म्हणजे तडकलेले. देऊळ आज नवे आहे; परंतु ते तुटणार आहे आणि तडकणार आहे, हे दात्याने दानाच्या दिवशीच मान्य केले आणि त्यासाठी शेत लावून दिले. त्यात अशुभ चिंतन नव्हते. वस्तूच्या स्वभावाविषयीचा तो आदर होता. आजही देवस्थानांच्या महाजनांची सभा भरते तेव्हा उत्सवाच्या खर्चाबरोबर कौलांचा, रथाच्या चाकांचा, तळीच्या पायऱ्यांचा खर्चही चर्चेस येतो. त्या चर्चेत कोणाला रस वाटत नाही, म्हणून तर ती महत्त्वाची.

मी गाडी घेतली त्या दिवशी तिच्या ‘खंडस्फुटिता’साठी काहीच बाजूला ठेविले नव्हते. आणि येथूनच खरा नैतिक दोष सुरू झाला. पैसा अपुरा पडू लागला म्हणजे मनुष्याला निवड करावी लागते, आणि मन स्वभावतः दिसणाऱ्या गोष्टीच्या बाजूने कौल देते. दुसऱ्या वर्षी जत्रा जवळ आली तेव्हा मेस्ताने बजावले होते की, ब्रेकचे तेल बदलावयास हवे. हे तेल हवेतील दमटपणा शोषून घेते, म्हणून ते साधारणतः दर दोन वर्षांनी बदलावे असा दंडक आहे. पाणी मुरलेले तेल लवकर उकळते. लांब उतारावर ब्रेक तापले की त्यात वाफ धरते आणि पायाखालचा ब्रेक पोकळ लागतो. हे सर्व मला समजावून सांगितले होते. परंतु तेल बदलले की नाही हे कोणाला दिसते? रंगाला आलेली अवकळा मात्र सर्वांना दिसते. मी गाडीला चकाकी करून घेतली आणि तेल पुढील महिन्यावर टाकले.

जत्रा झाली. त्यानंतर पंधरा दिवसांनी बेळगावहून परतताना चोर्ला घाटाच्या उतारावर माझा पाय ब्रेकवर पडला आणि खालपर्यंत गेला. मागे आई बसली होती, तिच्या मांडीवर माझी नात झोपली होती. पाय पुन्हा पुन्हा दाबून, हाताने खालचा गिअर घालून, कडेच्या ब्रेकचा आधार घेऊन गाडी कशीबशी डोंगराच्या बाजूला उभी राहिली. तासभर आम्ही तेथे बसलो. आईने विचारले, “बिघडली का रे?” मी हो म्हणालो. ते उत्तर खोटे नव्हते, पण खरेही नव्हते. काय बिघडले होते ते मला ठाऊक होते, आणि ते गाडीत नव्हते. दहा हजारांची चकाकी करणाऱ्याला ब्रेकच्या तेलाचे दोन-तीन हजार जड झाले होते, ही गोष्ट दारिद्र्याची म्हणता येणार नाही.

अखेर गाडी विकावयाचे ठरविले. आमच्याच समाजातील एक तरुण ती पाहावयास आला. नुकतेच लग्न झालेले, डोळ्यांत तीच चमक. साडेपाच लाख देण्यास तो तयार होता. त्याने विचारले, “काका, गाडी चांगली आहे ना?” हा प्रश्न विक्रेत्यास फार सोयीचा असतो, कारण ‘चांगली’ या शब्दाला काटेकोर अर्थ नाही. ब्रेक आता ठीक होते, चकाकी होतीच. परंतु दोन फुगे उरलेल्या दिवसांचे सोबती होते, आणि गिअरबॉक्सचे तेल तिन्ही मालकांपैकी कोणीही बदललेले नव्हते. न विचारलेले सांगावे काय? व्यवहारशास्त्र म्हणेल, घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवावे. पण ज्याला डोळे आहेत आणि दृष्टी नाही, त्याच्यापुढे आपल्या मौनाला वजन येते. मी खर्चाची वही त्याच्यापुढे ठेविली. त्याने ती शेवटपर्यंत वाचली, आभार मानले आणि तो निघून गेला. त्या संध्याकाळी मला पुण्यबिण्य काही वाटले नाही. साडेपाच लाख गेल्याचे दुःखच वाटले, हे प्रांजळपणे सांगतो.

दोन महिन्यांनी ती गाडी मेस्तानेच तीन लाखांना घेतली. तेल त्याने पहिल्याच आठवड्यात बदलले. फुगे कोठून कसे मिळवावयाचे आणि गाडीला संगणकाकडून त्यांची ओळख कशी पटवावयाची, हे त्याला माहीत आहे. फावल्या रविवारी तो तिच्याखाली आडवा झालेला दिसतो. माझ्यापाशी असताना ती माझी शोभा होती. त्याच्यापाशी ती त्याचे काम आहे, आणि तिला तेच मानवते.

या अनुभवातून मी ऐषआरामाचा त्याग करावा असे काही शिकलो नाही, आणि वाचकांसही तसे सुचवीत नाही. सुचवावयाचे ते एवढेच. घर असो, गाडी असो, देवाला वाहिलेला दागिना असो किंवा अंगावर घेतलेले एखादे पद असो, किमतीचा आकडा लिहून झाल्यावर त्याच्याशेजारी दरवर्षीच्या रक्षणाचा आकडा लिहावा, आणि तो आपल्या धनातून किंवा श्रमातून निघतो की दुसऱ्याच्या जिवावर, हेही प्रामाणिकपणे लिहावे. जे दिसत नाही त्यावर प्रथम खर्च करावा. आणि वस्तू दुसऱ्याच्या हाती देताना तिच्याबरोबर तिचे ऋणही उघडपणे द्यावे. भक्ताचे योगक्षेम वाहण्याची हमी देवाने घेतली आहे खरी. परंतु हौसेने दारी आणलेल्या वस्तूंचे क्षेमही तोच वाहील, असे गृहीत धरून घाट उतरू नये.