जादा तास

बोईसर-तारापूरच्या कारखान्यात राबणाऱ्या, पण मनात पालघरला एखादा गाळा घेऊन बसलेल्या माणसाला ओव्हरटाइम हा मोठाच पेच असतो. १९४८च्या कारखाने कायद्याने जादा तासाला दुप्पट मजुरी ठरवली. भांडवल भराभर साठेल, हा हिशेब सरळ दिसतो. पण कारखाना नुसता तास घेत नाही. अंगात उरलेली उभारी घेतो, आणि तिच्यावाचून धंदा उभा राहत नाही.

दोन्ही साधावे म्हणणारे लक्ष्मणराव किर्लोस्करांचा दाखला देतात. ते मुंबईत तंत्रशाळेत शिकवीत (आम्हां मास्तरांना हे ऐकून बरे वाटते!) आणि १८८८ साली बेळगावात निघालेले सायकलींचे दुकानही चाले. खरे आहे, पण त्या दुकानात थोरले बंधू रामूअण्णा बसत. पाटीवरही ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ असे दोघांचे नाव होते.

आमच्याकडे नवरा जादा पाळीला जातो, तेव्हा मसाल्याची गिऱ्हाइके बायको सांभाळते. पाटीवर नाव एकट्या नवऱ्याचे. दुप्पट मजुरी हाती आली, की माझ्या मते त्यातली एक पट तिची.