गोडी सरल्यावर

माघ-फाल्गुनात मंडईत सकाळी द्राक्षांचे ढीग लागतात. जुन्नर-नारायणगावची काळी, नाशिक-तासगावची हिरवी-पिवळी. भाव विचारायच्या आधी गिऱ्हाईक विचारतं, "गोड आहेत ना?" विक्रेता घडातला एक मणी तोडून हातावर ठेवतो. मणी गोड निघाला की सौदा ठरला.

महाराष्ट्राच्या मातीत दुसऱ्या जातींचीही द्राक्षं पिकतात. ती सहसा मंडईत येत नाहीत. सोलापूर जिल्ह्यात अकलूजच्या परिसरात 'फ्रॅटेली' या वाइन कंपनीचे मळे आहेत. तिथल्या सांजोव्हेसे आणि कॅबर्ने सोव्हिन्यों या दोन द्राक्षांच्या मिलाफातून 'सेट्टे' ही रेड वाइन होते. या द्राक्षांचा मणी लहान, आत बिया. गर बिनरंगाचा. वाइनला रंग चढतो तो सालीतून, तुरटपणा येतो साल आणि बियांतून. म्हणून तोडणीआधी जाणकार बी दाताखाली चावून पाहतात. हिरवी बी जीभ ओढते. तपकिरी, कुरकुरीत झाली की फळ तयार. साखर भरली एवढ्याने भागत नाही, तुरटपणाही पिकावा लागतो.

अशी वाइन चाखताना घाई करू नये. आपल्या हवेत बाटली थोडी गार करावी, १६ ते १८ अंशांपर्यंत. पेला पांढऱ्या कागदासमोर कलता धरून रंग पाहावा, हलकेच फिरवून वास घ्यावा आणि लहानसा घोट तोंडात घोळवावा. सांजोव्हेसेच्या आंबटपणाने तोंडाला पाणी सुटतं. मागून कॅबर्नेचा तुरटपणा हिरड्यांवर उतरतो, जांभूळ खाल्ल्यावर उतरतो तसा, आणि ते पाणी टिपून घेतो. एकटा आंबटपणा बोचला असता, एकटा तुरटपणा जड झाला असता. दोघं एकमेकांना सावरतात, म्हणून दुसरा घोट घ्यावासा वाटतो.

वाइन एकाच मळ्यातली असेल तर कस आणखी लागतो. त्या वर्षी उणं राहिलेलं दुसऱ्या शिवारातून आणून भरता येत नाही. ऑक्टोबरच्या छाटणीपासून जे ऊन, जो गारवा आणि जी निगा वेलीला लाभली, तेवढंच पेल्यात येतं. त्यावर गोडीचं पांघरूण घालायचीही सोय नसते, कारण आंबताना जवळजवळ सगळी साखर संपलेली असते. गोडी गेल्यावर जे उरतं, तीच त्या मळ्याची खरी चव.

आपल्या परंपरेने रस सहा मानले आणि त्यांत तुरटालाही मान दिला. वर्षाची सुरुवात आपण कडुनिंबाच्या पानांनी करतो. वाइन ज्यांना वर्ज्य आहे, त्यांनाही गोडीपलीकडच्या चवींची ही जाण परकी नाही. तरीही माणसं निवडताना आपण गोड बोलणाऱ्याकडे चटकन झुकतो. नात्यातली पहिली गोडी सरली की नातंच सरलं असं वाटू लागतं. खरं तर पारख तिथून पुढे करायची असते.

आज कुणाचा शब्द तुरट लागला, तर तो लगेच थुंकून टाकू नये. तो कच्चा आहे की पिकलेला, एवढं पाहावं. कच्चा तुरटपणा नुसता टोचतो. पिकलेला आपल्याला सावरतो.