दोन सूत्रे आणि एक काटा

परवा एका माळकऱ्याने आम्हांस हटकले, "महाराज, गळ्यात तुळशीची माळ आणि हातात बायबल, हे कसे?" आम्ही म्हटले, "बाबा रे, तहानलेला माणूस विहीर कोणाच्या रानात आहे हे विचारीत नाही." शिवाय संस्कृतात मुरलेल्या पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून त्याचे मराठी केले, ते त्यांच्या पश्चात १९२४ साली छापून निघाले.

त्यात 'नीतिसूत्रे' नावाचा ३१ अध्यायांचा ग्रंथ आहे. तो शलमोन राजाच्या नावावर असला, तरी आगूराची व लमुएल राजाच्या आईची वचनेही त्यात आहेत. मुंगीचा उद्योग, तराजूतली सचोटी, बोलण्यातला सौम्यपणा, अशी रोजच्या प्रपंचातली शिकवण.

पण २६ व्या अध्यायात दोन सूत्रे लागोपाठ येतात. एक सांगते, मूर्खाला त्याच्या पातळीवर उतरून उत्तर देऊ नये. दुसरे सांगते, द्यावे! मग खरे कोणते? विरोध दिसला की विषयभेद शोधावा, हे पाठशाळेत गुरुजींनी शिकविलेच होते. कारणे पाहा. उत्तर दिले तर आपणच त्याच्यासारखे होऊ, हे पहिल्याचे भय. न दिले तर तो स्वतःला शहाणा समजेल, हे दुसऱ्याचे. एकात आपली काळजी, दुसऱ्यात त्याची. प्रसंग ओळखूनच सूत्र लावावे.

येथवर समजले, पण आचरणाचे काय? एका वर्षी वारीच्या मुक्कामी एक तरुण टाळकरी सर्वांदेखत म्हणाला, "महाराज, हा अर्थ मागच्या चरणाशी जुळत नाही." आम्ही दोन संस्कृत वचने फेकून त्याचे तोंड बंद केले. मंडळी हसली. पोराने टाळ खाली ठेवले. रात्री अभंग पुन्हा पाहिला, तर त्याचेच म्हणणे बरोबर! सकाळी त्याला शोधले, तो निघून गेला होता. पुढल्या वर्षीही तो दिंडीत आला नाही.

मूर्खाला उत्तर द्यावे की नाही, हा विचार मागाहून. दोघांत मूर्ख कोण, हे आधी पाहावे. त्याच अध्यायात म्हटले आहे की मूर्खाच्या तोंडचे सुवचन म्हणजे झिंगलेल्याच्या हातातला काटा. आम्ही दारू प्यालो नव्हतो, पण विद्येची धुंदी काय कमी असते?

म्हणून श्रोतेहो, सुवचन दुसऱ्याला टोचण्याआधी आपल्या तळहाताला लावून पाहावे. तो टाळकरी कोठे भेटलाच, तर आम्ही प्रथम त्याच्या पायां पडू. मगच अभंगाचा अर्थ.

रामकृष्णहरि!