हुकमाचा माणूस

आमच्या चांद्याकडे दिवाळीत मातीचे किल्ले करण्याची चाल फारशी नाही. जटपुऱ्यापासून पठाणपुऱ्यापर्यंत गोंड राजांचा खराखुरा परकोट गावाला वेढून उभा असताना अंगणात आणखी एक कोट कशाला, असे आमच्या वाडवडिलांना वाटले असावे. ही चाल आमच्या घरात आणली ती सुनेने. ती साताऱ्याकडची. गेल्या दिवाळीत वसुबारसेला नातू अंगणात चिखल कालवून बसला आणि बाजारातून आणलेले मातीचे शिपाई त्याने दोन रांगांत मांडले. वरचे आपले, खालचे शत्रूचे. त्यातल्या एका शिपायाचा हात मोडलेला निघाला. त्याला त्याने सरळ खालच्या रांगेत ढकलले.

"हा का रे शत्रूचा?" मी विचारले.

"तुटका आहे ना, आबाजी!"

सूनबाई चकल्यांचे पीठ मळता मळता हसली. म्हणाली, "माझे आजोबा असते तर रागावले असते. शत्रूला तुटका म्हटलेलं त्यांना खपत नसे."

तिचे आजोबा दुसऱ्या महायुद्धात पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या पलटणीत होते. इटलीत जर्मनांशी लढून परत आले आणि पुढे जन्मभर शेती केली. लढाईच्या गोष्टी त्यांनी फारशा सांगितल्या नाहीत. कोणी जर्मनांना शिवी दिली तर एवढेच म्हणत, "त्यो बी हुकमाचाच मानूस व्हता."

मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. तरी एका शेतकरी शिपायाचे हे वाक्य त्या दिवाळीत माझ्या मनातून जाईना. त्यांच्यासमोर उभे होते ते 'हुकमाचे' लोक तरी कोण, हे पाहावे म्हणून मी जुनी पुस्तके काढली.

मराठा पलटण आठव्या भारतीय डिव्हिजनमध्ये होती. नोव्हेंबर 1943 च्या अखेरीस ही डिव्हिजन इटलीतल्या सांग्रो नदीवर जर्मनांच्या 65 व्या पायदळ डिव्हिजनशी भिडली. ही 65 वी डिव्हिजन जुलै 1942 मध्ये उभारलेली. नेदरलँड्सच्या समुद्रकाठी पहारा देऊन ती पुढच्या वर्षी इटलीत आली. मोठी लढाई तिने पाहिली नव्हती. पावसाने फुगलेल्या सांग्रोपलीकडच्या टेकड्यांवर भारतीय, इंग्रज आणि न्यूझीलंडच्या फौजांचा मारा तिच्यावर आला, आणि चार दिवसांत ती मोडून पडली. उरलेल्यांची जुळवाजुळव करून तिला पुन्हा ॲन्झिओला उभे केले, पुढे बोलोन्याच्या डोंगरांत. एप्रिल 1945 मध्ये पो नदीच्या खोऱ्यात ती संपली.

हजारो माणसे म्हणजे एक आकडा. माणसे मेली की दुसरी भरायची. आकडा तोच राहतो. त्यातल्या प्रत्येकाने हिटलरच्या नावाने शपथ घेतलेली. 1934 पासून जर्मन शिपायाची शपथ देशाला नव्हती, त्या एका माणसाला होती. असा माणूस हुकूम आला की नेदरलँड्समध्ये उभा राहतो, हुकूम आला की सांग्रोवर मरतो. मग त्याचा दोष तो काय? सूनबाईच्या आजोबांचे वाक्य मला मोठ्या मनाचे वाटले. ज्याने आपल्यावर गोळ्या झाडल्या त्याच्याविषयी असे बोलायला काळीज लागते.

परंतु त्याच वेळी मला माझी आई आठवली.

आम्ही मूळचे चिमूरचे. ज्या पावसाळ्यात ती 65 वी डिव्हिजन कवायत शिकत होती, त्याच पावसाळ्यात, 16 ऑगस्ट 1942 रोजी, नागपंचमीला चिमुरात मिरवणूक निघाली. पोलिसांनी गोळीबार केला, माणसे मेली. लोक खवळले. 19 तारखेला गोरी फौज गावात शिरली. घराघरांतून पुरुष धरून नेले, आणि मागे राहिलेल्या बायकांवर जे अत्याचार झाले ते चिमूर आजही मोठ्याने बोलत नाही. माझी आई तेव्हा सतरा वर्षांची. धानाच्या बांध्या ओलांडून ती झुडपी जंगलात पळाली आणि दोन रात्री तिथे भिजत बसली. पुढे कितीतरी वर्षांनी मी वर्गात महायुद्ध शिकवून आलो की ती म्हणायची, "दारावर लाथ मारणारालेही कोणाचा तरी हुकूमच होता ना बाबू? मग त्याले मी माफ करू का?"

तेव्हा मला उत्तर देता आले नाही. एकाच सम्राटाची फौज चिमुरात दारे फोडत होती, आणि वर्षभराने सांग्रोच्या चिखलात साताऱ्याची पोरे त्याच सम्राटासाठी जर्मनांशी लढत होती. हुकूम दोघांनाही होता. म्हणजे हुकूम हे काही माफीचे पत्र नव्हे. 1945-46 च्या न्यूरेंबर्ग खटल्यात जगाने हेच ठरवले: वरून हुकूम होता म्हणून माणूस दोषातून सुटत नाही.

पण न्यायाने बोलायचे तर चिमूरची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्याच नागपंचमीला खवळलेल्या जमावाने डुंगाजी आणि सोनवणे या अधिकाऱ्यांसह सरकारची चार माणसे मारली. ती चौघेही याच देशातली. त्या जमावाला तर कोणाचाच हुकूम नव्हता! आधी गोळ्या झाडल्या गेल्या होत्या, संताप खरा होता, हे सगळे कबूल. तरी आमच्या गावचा साधा, देवभोला माणूस त्या दुपारी कुठे हरवला? फौजेत माणूस आकड्यात बुडतो, गर्दीत आरोळीत बुडतो. बुडालेला मात्र तो स्वतःच असतो, आणि वर आला की आपल्या हातांकडे त्यालाच पाहावे लागते.

मग हुकमाच्या माणसाला मोजायचे कसे? 65 व्या डिव्हिजनच्या इतिहासातच मला एक माणूस सापडला. सांग्रोवर तिचा सेनापती होता गुस्ताव फॉन झीलबर्ग. त्या लढाईत तो घायाळ झाला आणि त्याचा एक हात गेला. बरा होऊन तो रशियाच्या आघाडीवर दुसऱ्या डिव्हिजनचा सेनापती झाला. 20 जुलै 1944 ला हिटलरला मारण्याचा कट फसला. झीलबर्गच्या हाताखालचा मेजर योआखिम कून त्या कटात होता. त्याला अटक करण्याचा हुकूम आला. झीलबर्गने तो हुकूम कूनला सांगितला आणि ताबडतोब बेड्या घालण्याऐवजी त्याला थोडा वेळ दिला. कून रशियनांकडे निघून गेला. झीलबर्गला आधी नऊ महिन्यांची शिक्षा झाली. हिटलरला ती पुरली नाही. पुन्हा खटला झाला, आणि 2 फेब्रुवारी 1945 रोजी झीलबर्गला बर्लिनमध्ये गोळ्या घातल्या गेल्या.

मी त्याला साधू करीत नाही. अधर्माच्या युद्धात वर्षानुवर्षे त्याने हुकूम दिले आणि पाळले. तो थोडा वेळही त्याने कदाचित एवढ्यासाठीच दिला असेल की कूनने बदनामीऐवजी स्वतःच्या हाताने मरण पत्करावे. वर्षांच्या आज्ञापालनाला त्या घटकेने माफी मिळत नाही. तरीसुद्धा त्या घटकेत हुकूम आणि समोरचा माणूस यांपैकी त्याने माणसाकडे पाहिले, आणि त्याची किंमत दिली.

आपल्याकडच्याही एका शिपायाचे उदाहरण देतो. नगर जिल्ह्यातल्या निमजचे नामदेव जाधव त्याच पहिल्या मराठा पलटणीत 'रनर' होते. रनर म्हणजे हुकूम पोचवणारा, हुकमाचा माणूस याहून अधिक कोणता! 9 एप्रिल 1945 ला सेनिओ नदीवर त्यांच्या तुकडीची वाताहत झाली. जाधवांनी एका जखमी सोबत्याला खोल पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून मागे आणले. मग परत जाऊन दुसऱ्याला आणले. त्यानंतर एकट्याने शत्रूची मशीनगनची तीन ठाणी बंद पाडली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ठाण्यावर चालून जाण्याचा हुकूम देता येतो. त्या पाण्यात दुसऱ्यांदा उतरण्याचा हुकूम कोण देणार? तो माणूस स्वतःच स्वतःला देतो.

आणि चिमूरसाठी असाच एक जण एकटा उभा राहिला होता. प्राध्यापक भन्साळींनी अत्याचारांच्या चौकशीसाठी 63 दिवस उपोषण केले. त्यांच्यामागे डिव्हिजन नव्हती की जमाव नव्हता.

या तिघांना एका पंगतीत बसवणे कोणाला पटणार नाही. मलाही पुरते पटत नाही. पण दिवाळीच्या त्या संध्याकाळी मला एवढे कळले की सूनबाईचे आजोबा आणि माझी आई एकमेकांना खोटे पाडीत नव्हते. ते म्हणत होते, शत्रू माणूस आहे हे विसरू नका. ती म्हणत होती, माणूस आहे म्हणूनच त्याला जाब विचारा. दगडाला कोण जाब विचारतो?

मी अंगणात गेलो आणि तुटक्या हाताचा शिपाई उचलला. नातवाला झीलबर्गची गोष्ट त्याला कळेल अशी सांगितली. शिपायाला कुठे ठेवावे, हे त्याला ठरेना. वर ठेवायला तो तयार नव्हता, आणि खाली ठेवायचे आता त्याच्या जिवावर आले होते. शेवटी त्याने त्याला किल्ल्याच्या दारात उभा केला आणि शेजारी पणती लावली.

माझ्या आईला ते आवडले असते का? सांगता येत नाही. तिने बहुधा त्याला आधी दारातच थांबवून विचारले असते, "काहून आला होतास बाबू?" आणि उत्तर ऐकेपर्यंत आत घेतले नसते.