मला दिसतं ते एवढंच



थोड्याच वेळात पूर्वेला सूर्यबिंब दिसू लागेल. त्या पहिल्या क्षणी सूर्य खरं तर क्षितिजाच्या खालीच असतो. हवेतून येताना त्याचा प्रकाश किंचित वाकतो, म्हणून तो आपल्याला आधीच वर आलेला दिसतो. फुलाच्या पाकळीवरच्या काही खुणा मधमाशीला दिसतात, आपल्याला नाही. वटवाघळांचे कितीतरी आवाज आपल्या कानांना ऐकूच येत नाहीत. जग खूप मोठं आहे. मला दिसतं ते एवढंच.

मग पूर्ण सत्य आपल्याला कधी कळेल का? कदाचित नाही. पण ही जाणीव जपली, तर आपलं वागणं बदलतं. शेजारी आज बोलला नाही. त्याच्या घरची काळजी मला दिसलेली नाही. मूल चिडलं. त्याच्या मनातली भीती मला दिसलेली नाही. मला दिसतं ते एवढंच. असं म्हणणारा माणूस निवाडा करायची घाई करत नाही. तो विचारतो, ऐकतो, थांबतो. आणि म्हणूनच सत्याच्या थोडा अधिक जवळ जातो.

तेव्हा श्रोतेहो, आज कुणाबद्दल मत बनवण्याआधी त्याच्याशी दोन शब्द बोला. आणि त्याचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घ्या.