परतफेड न करू शकणाऱ्याला



आजचं चिंतन गीतेच्या सतराव्या अध्यायावर. तिथे भगवंत दानाचे तीन प्रकार सांगतात. सात्त्विक दान कोणतं? योग्य जागी, योग्य वेळी, योग्य व्यक्तीला, 'द्यायला हवं' एवढ्याच भावनेनं दिलेलं. आणि मुख्य म्हणजे, ज्याच्याकडून परतफेड होणार नाही अशाला दिलेलं.

वाचायला सोपं आहे. जगताना ते कसं दिसतं? त्यासाठी आज एका बास्केटबॉलपटूची गोष्ट.

मॉरिस स्टोक्स, अमेरिकेतला कृष्णवर्णीय खेळाडू, जन्म १९३३. १९५५ मध्ये तो एनबीएच्या रॉचेस्टर रॉयल्स संघात आला आणि पहिल्याच हंगामात सर्वोत्तम नवोदित ठरला. पुढच्या हंगामात त्यानं १,२५६ रिबाउंड घेतले, म्हणजे नेम हुकून उसळलेले चेंडू ताब्यात घेतले. तेव्हाचा तो विक्रम. एकूण तीनच हंगाम खेळला, तिन्ही वेळा ऑल-स्टार.

संघ पुढे सिनसिनाटीला गेला. १२ मार्च १९५८ ला मिनियापोलिसमधल्या सामन्यात मॉरिस पडला, डोकं जमिनीवर आपटलं, शुद्ध हरपली. भानावर आला आणि पुन्हा खेळायला उतरला! तीन दिवसांनी डेट्रॉइटचा सामनाही खेळला. परतीच्या विमानात त्याला झटके आले आणि तो कोमात गेला. जाग आली तेव्हा बुद्धी शाबूत होती, पण शरीर हलेना, तोंडातून शब्द फुटेना. वय वर्षं २४.

आता व्यवहार बघा. हॉस्पिटलची बिलं वाढतायत. बँकेत त्याचे पैसे आहेत, पण सही कोण करणार? आपल्या ऑफिसात एखादं तिकीट असतं ना, सगळ्यांना दिसतं, सगळे हळहळतात, पण असाइनीचा रकाना रिकामाच राहतो. इथे त्या रकान्यात जॅक ट्वायमननं स्वतःचं नाव घातलं. त्याच संघातला गोरा खेळाडू, मॉरिसहून वर्षभरानं लहान. तो मॉरिसचा कायदेशीर पालक झाला. अमेरिकेत वांशिक भेदभावाविरुद्धचा नागरी हक्क कायदा यायला तेव्हा अजून सहा वर्षं होती.

जॅकनं कागदपत्रं केली, मॉरिसला कामगार म्हणून नुकसानभरपाई मिळवून दिली. न्यूयॉर्क राज्यातल्या कॅट्सकिल डोंगराळ भागात दर उन्हाळ्यात मदतनिधीचा सामना भरू लागला, त्यात विल्ट चेंबरलेनसारखे दिग्गज खेळले. आणि बोलणं? जॅक एकेक अक्षर म्हणायचा, हवं ते आलं की मॉरिस पापणी मिटायचा. असा एकेक शब्द जुळायचा. आपल्याला तर निळी टिक यायला दोन मिनिटं लागली तरी जीव वरखाली होतो!

मला या पापणीपाशी थांबावंसं वाटतं. सह्यांचा अधिकार जॅककडे होता, तरी मॉरिसला काय म्हणायचंय हे तो अक्षराअक्षरानं विचारत राहिला. देताना आपण पटकन समोरच्याच्या वतीनं ठरवून टाकतो. तिथेच दानात अहंकार शिरतो. 'योग्य व्यक्तीला' द्यायचं, तर आधी ती व्यक्ती दिसायला हवी. मॉरिसही पडून राहिला नाही. हातपाय पुन्हा हलावेत म्हणून वर्षानुवर्षं व्यायाम करत राहिला.

हे एक-दोन महिने नाही, १२ वर्षं चाललं. ६ एप्रिल १९७० ला मॉरिस गेला. २००४ मध्ये त्याला हॉल ऑफ फेमचा सन्मान मिळाला, तेव्हा त्याच्या वतीनं तो स्वीकारायला जॅकच उभा होता.

आजचा संकल्प छोटासा. आपल्या आसपास असा एक माणूस शोधूया, ज्याच्याकडून आपल्याला काही मिळायचं नाही. सोसायटीच्या वॉचमनकाकांचा विम्याचा फॉर्म असेल, लांबच्या आजारपणात एकटी पडलेली सहकारी असेल. पैसे नंतर बघू. आधी 'तुम्हाला नेमकं काय हवंय?' हे विचारू, आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत थांबू.

उद्या भेटू, पुढच्या श्लोकासह. राम कृष्ण हरी!